अव्वाच्या तळहाताखाली

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥
लातूर
दि. २७ जानेवारी २०२५

चि. शिवानीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा नांदेडहून परतलो. मी अव्वाच्या खाटेजवळ बसलो होतो तेवढा वेळ तू दवाखान्याच्या जिन्यात उभी होतीस, ते मला दिसलं. समोर आली नाहीस, तोंडातून शब्द काढला नाहीस, हे बरं केलंस. तू किरिस्ताव झालीस त्या दिवशी मी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून बोललो होतो, हिचा आवाज पुन्हा कानावर पडू देणार नाही. सहा वर्षं पाळलं. पण शपथ आवाजाची आहे, अक्षराची नाही, म्हणून हे पत्र. मोबाईलवर लिहा म्हणशील, तर माझ्याकडं बटणांचा फोन. दुकानातला मोठा फोन चार जणांच्या हातात फिरतो. आपल्या घरचं दुखणं भर बाजारात, मोंढ्यात वाचलं जायला नको.

लेकीला बघून येते म्हणून अव्वा संक्रांतीला हट्टानं किनवटला आली आणि तुझ्या दारातच तिच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि डॉक्टर म्हणतात महिना-दोन महिने नर्सच्या हाताखालीच ठेवा. इथं तुरीचा हंगाम, आणि तुझ्या वैनीच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, तिला अव्वा उचलवत नाही. म्हणजे अव्वा तुझ्याजवळच राहणार. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलायचं कुणाला?

पण एवढं ऐकून ठेव. तुमचा पाद्री तिच्या खोलीत पाऊल टाकणार नाही. भिंतीवर क्रूस असेल तर काढ. तिच्या गळ्यातलं लिंग उतरायचं नाही, आणि लिंगपूजेशिवाय तिच्या तोंडात घास जायचा नाही. कळायला लागल्यापासून तिनं तो नेम मोडलेला नाही. आणि उद्या काही बरंवाईट झालं तर अव्वा लिंगायत म्हणूनच गेली पाहिजे, बसलेली, हातात लिंग घेऊन. आपले वडील, बाप्पा गेले तेव्हा त्यांनाही तसंच मातीत बसवलं, तू डोळ्यांनी पाहिलंस. ते जर चुकलं तर शिवानी, मी तुला या जन्मात माफ करणार नाही.

रोज संध्याकाळी आठला फोन करीन. तू तो फक्त अव्वाच्या कानाला लाव.

राखीच्या पाकिटातल्या चिठ्ठीत पूर्वी तू सा. न. लिहायचीस, आता नुसता नमस्कार लिहितेस. साष्टांग घालायला कंबर दुखते का?

कळावे. लोभ जेवढा उरला आहे तेवढा तरी असू द्यावा.
तुझा अण्णा,
अमरनाथ


किनवट, मुलींचं वसतिगृह
३ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस,
शिवानीचा नमस्कार. वि. वि.

कंबर ठीक आहे. साष्टांग आता मी एकालाच घालते. तुमच्यावरचा राग म्हणून नव्हे, एवढं मनात ठेवा.

तुम्ही लिहिलंत तसंच सगळं चाललं आहे. क्रूस उतरवून पेटीत ठेवला. आमच्या पाळकांना मीच सांगितलं, अव्वासाठी प्रार्थना करायची तर आपल्या घरी बसून करा. ते थोडे नाराज झाले, पण आले नाहीत. वसतिगृहाचे अधीक्षक पिराजी सर भले आहेत. त्यांनी माझी खोली ऑफिसशेजारी दिली आहे, म्हणजे मुलींना औषधं देतादेता माझा एक डोळा अव्वावर राहतो.

पूजेचं सांगते. लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं असतं, आणि अव्वाचा डावाच हात गेलेला. बोटं उघडत नाहीत. मी उघडली तर लिंग घरंगळतं. पहिल्या दिवशी ती लहान मुलासारखी रडली. म्हणून आता रोज सकाळी तिला आंघोळ घालून, विभूती लावून बसवते आणि माझा हात तिच्या हाताखाली धरते. तिच्या हातावर लिंग, खाली माझा हात. ती बघत राहते, ओठ हलवते. मंत्र मी म्हणत नाही, अण्णा, तो आता माझा नाही. हात मात्र माझा आहे, तो तिचं होईपर्यंत हलवत नाही. मग ती घास घेते. काल खिचडीला मीठ कमी होतं म्हणून चमचा माझ्या अंगावर फेकला. उजवा हात चांगलाच शाबूत आहे!

किनवटची थंडी यंदा हाडात शिरते. सकाळी तिच्या खाली भांडं ठेवण्याआधी मी त्यात ऊन पाणी फिरवून घेते, म्हणजे तिला दचकायला होत नाही.

फोनवर तुम्हाला तिचं काहीच कळत नाही, ते मला कळतं. तुम्ही नुसतं हाव अव्वा, हाव अव्वा करता. मला तिचा प्रत्येक शब्द उमजतो, सवयीनं. तुम्ही आवाजाचं बंधन घातलंय म्हणून मी शेजारी तोंड मिटून बसते. ती काय बोलली ते पत्रातून कळवत जाईन. कालचं तिच्या नातवाबद्दलच होतं, शिवांशला क्लासला उपाशी पाठवू नका.

वैनींना नमस्कार, शिवांशला आशीर्वाद. मनात जागा असू द्यावी.
तुमची
शिवानी


॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥
लातूर
दि. २० फेब्रुवारी २०२५

चि. सौभाग्यकांक्षिणी शिवानीस,
अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज अक्षर वेडंवाकडं आलं तर हसू नकोस. चुलत भाऊ वीरण्णा नांदेडला अव्वाला बघायला आला होता ना, तिच्या छातीत पाणी झालं म्हणून पुन्हा भरती केलं तेव्हा? त्यानं दुकानातल्या फोनवर फोटो धाडला. तू व्हरांड्यात बाकावर बसली आहेस, डोळे मिटलेले, आणि तुझ्या गळ्यात लिंग! चांदीची डबी, दोरा, सगळं स्पष्ट दिसतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी तो फोटो तुझ्या वैनीला, शरणम्माला दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला, मठात जाऊन संगमेश्वर स्वामींना दाखवला. हमालांनासुद्धा पेढे वाटले. सहा वर्षं मान खाली घालून मोंढ्यात बसलो ग. आज मान वर केली.

तू कधी ठरवलंस, मला का लिहिलं नाहीस, हे विचारत नाही. लाजली असशील. अव्वाच्या सेवेनंच तुला परत आणलं, देव पावला. स्वामी म्हणाले, महाशिवरात्रीला सव्वीस तारखेला मठात तिला पुन्हा दीक्षा देऊ. तुझ्यासाठी नवी डबी घडवायला टाकली. त्या दिवशी दीक्षा झाली की शपथ आपोआप सुटते, असंही स्वामी म्हणाले. मग पहिली शिवी मी तुलाच घालणार, तयारीत राहा.

एका दिवसासाठी अव्वाजवळ कुणाला तरी बसव आणि सकाळच्या गाडीनं ये. वाट बघतो.

कळावे. आता लोभाला तोटा नाही.
तुझा अण्णा,
अमरनाथ


किनवट
२५ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस,
शिवानीचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आज मिळालं. मी उद्या येत नाही एवढं पिराजी सरांना फोनवर कळवायला सांगितलं आहे. उरलेलं मीच सांगायला हवं, ते लिहिते. वाचून होईपर्यंत फाडू नका.

अण्णा, मी परत आलेली नाही.

अव्वाला डोक्याच्या फोटोसाठी त्या मोठ्या मशिनीत न्यायचं होतं. तिथं अंगावर धातू चालत नाही. नर्सनं कानातली फुलं आणि लिंगाची डबी काढून एका प्लास्टिकच्या पिशवीत टाकली आणि पिशवी खाली फरशीवर ठेवायला वाकली. अव्वाला बोलता येईना. तिनं माझ्याकडं जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. लिंग अंगावेगळं झालं की जीवच गेला, हे तिनंच मला लहानपणी शिकवलेलं. मी पिशवीतून डबी काढली आणि माझ्या गळ्यात घातली. लिंग अंगावरच राहिलं, तिच्या नाही तर तिच्या पोटच्या पोरीच्या. तेव्हा कुठं तिनं डोळे मिटले. पुढं तिला नळ्या लावून आयसीयूत ठेवलं, तिथंही दोरा चालत नव्हता. म्हणून ती बाहेर येईपर्यंत ते माझ्या गळ्यात राहिलं. बाहेर आल्यावर पहिल्यांदा तिचं तिला घातलं.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बाईनंही मला तसं पाहिलं. मंडळीनं सांगितलं, नीट खुलासा होईपर्यंत प्रभुभोजन घ्यायचं नाही. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट असतो, पण आमच्यात त्याहून मोठं काही नाही. मी मागच्या बाकावर बसते, ताट पुढून निघून जातं. खुलासा केला. त्यांना पटला नाही. इकडं तुम्हाला वाटतं मी परतले आणि तिकडं त्यांना वाटतं मी फिरले.

मी किरिस्ताव का झाले हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, थेट शपथच घेतलीत. आज सांगते. लातूरला नर्सिंगला असताना आमच्या वॉर्डात बबिता सिस्टर होत्या. हिवाळ्यात स्टीलचं भांडं पेशंटच्या खाली ठेवण्याआधी त्या त्यात ऊन पाणी फिरवायच्या आणि पुसून द्यायच्या. बेवारशी पेशंटलासुद्धा. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, गार लागतं ना ग बाई. देवाचं नाव काढलं नाही, पुस्तक दिलं नाही. ही बाई रविवारी कुठं जाते ते बघायला म्हणून मी मागं गेले, तेवढंच माझं धर्मांतर. अव्वाला मी येशूबद्दल एक शब्द सांगितलेला नाही. ऊन भांड्यातून जे कळायचं ते कळेल. लिंग गळ्यात घातलं तेही मी येशूचीच म्हणून घातलं, त्याला सोडून नाही.

तुमची मान पुन्हा खाली गेली. त्याचं मला फार वाईट वाटतं, अण्णा. पण खोटी दीक्षा घेऊन मी तुमच्याशी बोलू शकत नाही.

रागावलात तरी पत्र थांबवू नका.
तुमची
शिवानी


लातूर
दि. १ मार्च २०२५

शिवानीस,

मठात सगळी तयारी करून आम्ही बसलो होतो. पिराजी सरांचा निरोप आला तेव्हा, अव्वाला सोडून येता येत नसेल असं मी लोकांना सांगितलं, आणि काल तुझं पत्र आलं. मी ते स्वामींपुढं ठेवलं, खोटं बोलायची सवय नाही म्हणून. ते म्हणाले, लिंग टाकलेल्या बाईनं ते गळ्यात घातलं म्हणजे अव्वाचं लिंगच बाटलं. आता तिच्या मातीला मी येणार नाही, असंही स्वामी म्हणाले.

तुझ्या दयेची ही फळं. भांडं ऊन करायला अक्कल लागते, तशी लिंग कुणी घालायचं यालाही लागते. दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं असतंस तर काय बिघडत होतं? तू आमच्यातली नाहीस, मग आमच्या वस्तूला हात कशाला?

दहा तारखेला गाडी घेऊन मी स्वतः येतो. डॉक्टर काही म्हणोत, अव्वाला लातूरला आणतो. इथं मरेल तर माणसांत मरेल. त्या दिवशी तू वसतिगृहात थांब, समोर येऊ नकोस.

रोज आठला ती फोनवर काहीतरी बोलत असते आणि मला ओ की ठो कळत नाही. फोन ठेवल्यावर जेवण जात नाही.

अमरनाथ


किनवट
५ मार्च २०२५

ती. अण्णांस,
शिवानीचा नमस्कार. वि. वि.

दहा तारखेला अव्वाचं सामान बांधून ठेवते आणि मी समोर येत नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात देणं तेव्हा सुचलं नाही, खरंच सुचलं नाही. अव्वाची नजर माझ्यावरच होती.

काल आठच्या फोनवर ती बरीच बोलली, नेहमीपेक्षा जास्त. तुम्ही म्हणालात, हाव अव्वा, लवकरच नेतो, झोप आता. तेवढ्यात मोंढ्यातून कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते. तू जेवलास का. उभ्यानं जेवू नको, तुझ्या बापाला तीच खोड होती. शरणम्माला कमरेला शेक दे म्हणावं. शिवांश डॉक्टर नाही झाला तर मारू नको, दुकान हाय की. मला लातूरला ने, पण गाडी हळू चालव.

त्यानंतर ती आणखी दोन वाक्यं बोलली. ती माझ्या बाजूची होती, म्हणून मी लिहीत नाही. पोरगी अव्वाच्या तोंडी आपलं घालते असं तुम्हाला वाटेल. दहाला याल तेव्हा मी नसताना तुम्हीच तिला विचारा. नीट कान दिलात तर कळेल, नाहीतर ती मान हलवून सांगेल.

आज आमचा राखेचा बुधवार, कपाळाला राख लावायचा दिवस. मला बोलावलं नव्हतं. सकाळी अव्वाला विभूती लावली, ती बोटांना राहिली, धुवायला जीव झाला नाही. अव्वाचा श्वास जरा जोरात चालला आहे. डॉक्टर उद्या येतो म्हणाले.

गाडीत तिच्या पाठीला उशा आणा. विसर पडू देऊ नये.
तुमची
शिवानी


लातूर
दि. १७ मार्च २०२५

चि. शिवानीस,
आशीर्वाद. वि. वि.

कसं सुरू करावं कळत नाही, म्हणून झालं तसं लिहितो.

पाच तारखेला मी फोन केला नाही. दुकानात तुरीच्या वजनाचा काटा चालू होता, उशीर झाला, म्हटलं उद्या दोनदा करू. सहा तारखेला सकाळी पिराजी सरांचा फोन आला की अव्वा गेली. मी म्हणालो, गाडी करा, लातूरला पाठवा. फोन ठेवल्यावर डोक्यात उजेड पडला. माणूस गेल्या गेल्या बसवावं लागतं, नाहीतर अंग ताठतं आणि मग बसत नाही. किनवट ते लातूर सगळा दिवसाचा रस्ता. मला वाटलं, अव्वा आडवी येणार, लाकडासारखी, आणि खड्ड्यात बसवायला तिची हाडं मोडावी लागणार. पुन्हा फोन लावला तर लागेना. दिवसभर मी ओसरीवर बसून तेच बघत होतो.

गाडीचं दार उघडलं तेव्हा अव्वा बसलेली होती. तिची पाठ तुझ्या छातीला, तुझी पाठ गाडीच्या पत्र्याला, दोघींना मिळून लुगड्यानं बांधलेलं. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा. डाव्या तळहातावर लिंग, आणि हाताखाली तुझा हात. ड्रायव्हर म्हणाला, भोकरला आणि नांदेडला मी म्हटलं बाई जरा सोडा, हात भरून येईल. नुसती मान हलवून न्हाई म्हणाली. आम्ही अव्वाला उतरवून घेतल्यावर तुझा हात तसाच वाकडा राहिला, तुला तो सरळ करता येईना.

संगमेश्वर स्वामी आले नाहीत. पलीकडच्या गल्लीतले म्हातारे जंगम मातीचा विधी करायला आले. त्यांनी विचारलं, हिला बसवली कुणी? लोकांनी सांगितलं. त्यांनी रीतीप्रमाणे अव्वाच्या डोक्यावर पाय ठेवला आणि ती मातीत बसली. मला पाहिजे होतं ते सगळं झालं.

आणि तू रडली नाहीस. मातीला हात लावलास, पदर तोंडात कोंबलास, पण तोंडातून आवाज नाही. बायका म्हणत होत्या, लई घट्ट काळजाची हाय, येशूची झाली, आईची न्हाई ऱ्हायली. मी हाताच्या अंतरावर उभा होतो. मला माहीत होतं तू गप्प का आहेस. माझ्या कानावर आवाज पडू नये म्हणून तू स्वतःच्या आईला हंबरडा फोडला नाहीस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि दाबणारा हात माझा. तरी मी त्या बायकांना काही बोललो नाही. पाणीही न पिता तू गाडीला गेलीस तेव्हाही बोललो नाही.

अकरा तारखेला तुझं पाच तारखेचं पत्र आलं. अव्वाचं शेवटचं बोलणं मला पोस्टानं मिळालं, पोरी, तिला मातीत ठेवल्यावर. ती विचारत होती जेवलास का, आणि मी म्हणत होतो झोप आता. फोन माझ्या कानाला होता, ती बोलत होती, समजणारी तू तिच्या शेजारी होतीस आणि तुझं तोंड मी बांधून ठेवलेलं. हे मी कुणाला सांगू? तेव्हापासून उभ्यानं जेवत नाही. बसलं तरी घास उतरत नाही.

ती दोन वाक्यं विचारायला आता अव्वा नाही. तुझ्या बाजूची होती म्हणजे माझ्या शपथेबद्दलच असतील असा मला अंदाज आहे. पण अंदाज नको, ती मला ऐकायची आहेत. तू तिच्या तोंडी काही घालणार नाहीस. घालणारी असतीस तर पत्रातच घातलं असतंस.

शनिवारी मी फोन केला होता. तू उचललास आणि गप्प राहिलीस. मागं पोरींच्या ताटांचा आवाज येत होता. शपथ माझी, राखण तूच करतेस. मी फोन ठेवून दिला.

पाडव्याला रविवारी आठला पुन्हा करतो. तू बोल. मोडल्याचं जे काय पाप असेल ते माझ्या डोक्यावर. आधी अव्वाची दोन वाक्यं सांग, मग तुझं काय असेल ते. साष्टांगाची चेष्टा केली होती, ती मागं घेतो. नमस्कार पुष्कळ झाला.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.
तुझा अण्णा,
अमरनाथ


किनवट
२२ मार्च २०२५

ती. अण्णांस,
शिवानीचा नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. हात आता सरळ होतो, फक्त सकाळी आखडतो. त्या बायकांचं मनावर घेऊ नका, त्यांना काय ठाऊक. मी अजून मागच्याच बाकावर आहे. क्रूस पेटीतून काढून पुन्हा भिंतीवर लावला. अव्वाची खाट अजून हलवलेली नाही. सकाळी उठून पाणी तापवते, मग आठवतं.

वैनींना शेक द्या. तुम्ही बसून जेवा.

पाडव्याला आठला फोन हातात घेऊन बसते. अण्णा, किनवट ते लातूर अव्वाला धरून बसले आणि मग तिच्या मातीपाशी उभी राहिले, तेव्हाचं रडू अजून घशात तसंच आहे. तुमचा आवाज ऐकला की आधी तेच बाहेर येईल. अव्वाचे शब्द यायला वेळ लागेल. तोवर फोन ठेवू नका.

तुमची
शिवानी